कमलला मी सायकलवरून उतरवलं तेव्हा

आधीच सांगून टाकते — भूत, चकवा, करणी, बाहेरची बाधा, यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही, आणि आता नव्यानं मानायचं वयही राहिलं नाही. या सदरातल्या गोष्टी नात मला वाचून दाखवते. दर दुसऱ्या गोष्टीत पांढऱ्या साडीतली बाई. अगं, पांढरी साडी तर मी दर पौर्णिमेला विहारात जाताना नेसते, मला अजून कुणी भ्यालं नाही! असं म्हणाले की नात खिदळते. परवा मात्र म्हणाली, "आज्जी, मग ते सायकलचं लिही की."

म्हणून बसले लिहायला. यात भूत नाही. घाबरण्यासारखं जे आहे ते मीच आहे — वय वर्षे बावीस.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. वडील परभणीला कचेरीत कारकून. दीक्षा घेऊन आले आणि घरातले टाक, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं एका फडक्यात बांधून नदीत सोडून आले. घरात नियम एकच — जे पटत नाही ते मानायचं नाही. मला त्यांनी शिकवलं, शाळेत शिक्षिका म्हणून नोकरीला लावलं, आणि लेडीज सायकल घेऊन दिली. त्या काळी आमच्या भागात सायकल चालवणारी बाई म्हणजे लोक हातातलं काम टाकून बघायचे. आणि मला वाटायचं, माझ्या ज्ञानाकडेच बघतायत.

ती बाई — म्हणजे मी — कशी होती सांगू? कडक खळीची साडी, मनगटावर घड्याळ, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि तोंडात सारखं "शास्त्रीय दृष्ट्या". गावात कुणाला शिंक आली तरी ही शास्त्रीय दृष्ट्या सांगायची. आज भेटली तर आधी तिचा चष्मा काढून घेईन, मग कान धरीन.

साल चौऱ्याहत्तर. मोठ्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. शाळेचं गाव सेलूहून जिंतूरच्या अंगाला जाणाऱ्या सडकेवर तीन कोस, मग डाव्या हाताला दुष्काळी कामावर झालेल्या खडीच्या रस्त्यानं आणखी अर्धा कोस. नाव सांगत नाही, त्या माणसांची नातवंडं तिथं नांदतायत. मी गावातच खोली करून राहायचे. तो अर्धा कोस नीट डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, झाड म्हणून नाही. वर आलेली एकच वस्तू — दुष्काळी कामाच्या मुकादमानं हत्यारं ठेवायला उभं केलेलं पत्र्याचं शेड. काम संपलं, मुकादम गेला, शेड राहिलं. आत पहारी आणि फुटकी घमेली.

गावात कमल होती. एकोणीस वर्षांची, सातवी पास, काळीसावळी, अंगानं दणकट. आणि पायाळू. आताच्या मुलांना सांगावं लागतं — जन्मताना डोकं आधी यायच्या ऐवजी ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. लोक दोन गोष्टी मानायचे. एक, कुणाच्या पाठीत उसण भरली तर पायाळू माणसानं तिथं लाथ मारली की ती उतरते. दुसरी, पायाळूवर वीज पडते. म्हणजे कोरड्या दिवशी कमलच्या दारात वाकडी माणसं रांगेत उभी असायची, आणि आभाळ गडगडलं की तीच माणसं तिला बघून चार हात लांब सरायची.

मी वर्गात या प्रकाराची यथेच्छ टिंगल करायचे. मग फेब्रुवारीत घागर उचलताना माझ्याच पाठीत उसण भरली. उजव्या खांद्याच्या खाली, श्वास घेता येईना. तीन दिवस बाम चोळला. चौथ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत, कुणी बघत नाही असं बघून, कमलच्या दारात.

"का वो बाई, इतक्या सकाळच्याला?"

"पुस्तक द्यायला आले."

"अशा वाकड्या व्हऊन?"

तिनं पुस्तक घेतलंच नाही. म्हणाली, "भिंतीकडं तोंड करा. अन् बोलू नका. तुमाला जड जाईल, पर बोलू नका."

लाथ कसली, नुसता पाय टेकवला तिनं. तीन वेळा. गार, खरखरीत तळवा. दुपारी मी फळ्यावर सरळ हातानं लिहीत होते. तिला भेटून सांगितलं, "हा मानसिक परिणाम असतो." ती म्हणाली, "हां, त्योच. मानसिक." आणि असं हसली की मला राग आला. पण गावात तिनं कुणाला सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा. पोरगी तोंडाची पक्की होती.

त्या एप्रिलात गावाला बालवाडी मंजूर झाली, बाई नेमायची होती. कमलनं अर्ज केला. अर्ज मीच भरून दिला, म्हणजे माझ्या हातून काही चांगलंही झालं होतं. इंटरव्ह्यू सेलूला. एकट्या पोरीला इतक्या लांब पाठवायला तिची आई तयार होईना. आई सरूबाई, विधवा, दीड एकर कोरडवाहू आणि ही एकच लेक. मी म्हटलं, सायकलवर डबलसीट नेते.

सरूबाई निघताना दाराबाहेर आली.

"बाई, लेक माजी पायाळू हाय. आभाळ कडकडायला लागलं तर हिला एकली सोडू नका. अन् सायकलीवर ऱ्हाऊ नका, लोखंड हाय त्ये."

झालं, मला विषय मिळाला. "सरूबाई, वीज माणसाचे पाय बघत नाही. आणि सायकलला टायर रबराचे असतात. रबरातून वीज जात नाही. शास्त्रीय दृष्ट्या, पावसात सायकलवर बसलेला माणूस सगळ्यात सुरक्षित." हे मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवायचे! दोन टायर, वर हसरा माणूस, बाजूला वाकडी वीज. पोरं वहीत उतरवून घ्यायची.

"मला त्यातलं कळत न्हाई," सरूबाई म्हणाली. "सबूद द्या."

"दिला. दारात आणून सोडीन."

इंटरव्ह्यू फार छान झाला. साहेबांनी विचारलं, लेकरं रडायला लागली तर काय करशील? आधीच्या सगळ्या मुलींनी गाणं म्हणीन, गोष्ट सांगीन असं सांगितलेलं. ही म्हणाली, "आदी इचारीन, काऊन रडायलाव म्हून." साहेब हसले. म्हणाले, गावच्या शाळेच्या बाईंचं मत मागवू आणि कळवू. बाहेर आल्यावर कमलनं माझा हात धरला. "बाई, आता तुमच्याच हातात हाय." तिला दुसरा काही रस्ता नव्हता. पायाळू म्हणून दोन स्थळं मोडलेली, मजुरीला गेलं तरी आभाळ आलं की बायका तिला रानातून हाकलून द्यायच्या. चार भिंतींतलं, छपराखालचं काम म्हणजे तिचा जन्म सुटणार होता.

तीनच्या सुमाराला निघालो. ऊन असं की सडकेचं डांबर टायरला चिकटत होतं. खडीच्या रस्त्याला वळलो आणि वारा एकदम पडला. येलदरीच्या अंगाला आभाळ काळंनिळं झालेलं, वांग्यासारखं. मग धुळीचा लोट आला, आणि त्याच्या मागोमाग गडगडाट.

"बाई, उतरू या," मागून कमल म्हणाली. "सायकल हितंच आडवी टाकू. रानात सरीत बसू, दोगी लांब लांब. पाय जुळवून, कान झाकून. माय बारकेपणापून आसंच करायला लावती मला."

"भिजायचंय का? शेड दिसतंय की समोर."

"पत्र्याचं हाय त्ये."

"आणि टायर रबराचे आहेत. गप्प बस."

बघा हं. जिला मी अडाणी समजत होते ती बरोबर सांगत होती, आणि जिनं डी.एड. केलं होतं ती पत्र्याच्या शेडाकडे पेडल मारत होती.

पहिली वीज डाव्या हाताच्या रानात पडली. पडली म्हणजे — कडाड असा आवाज मोठ्या विजेचा असतो हे तुम्हाला माहीत असेल, पण अगदी जवळच्या विजेच्या आधी एक बारीक आवाज येतो, तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यासारखा. तो मी ऐकला. हातावरची लव उभी राहिली. हँडल धरलेल्या हातांना मुंग्या आल्या. आणि त्या एका क्षणात माझं सगळं शास्त्र उतरलं आणि डोक्यात एकच गोष्ट उरली — माझ्या मागे पायाळू बसलीय.

मी ब्रेक लावला. "उतर."

"आता आलं न्हवं ध्यानात! चला, त्या तिथं—"

"दोघी नाही. तू उतर."

तिला कळलंच नाही. "अन् तुमी?"

"तुझ्यामुळं पडेल ती! तू पायाळू आहेस. माझ्या मागं बसू नकोस."

पावसाचे थेंब पडायला लागले होते, मोठे, गरम धुळीत फटाफटा. ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, ईज पाय बघत न्हाई म्हनला व्हता तुमी." मग म्हणाली, "मायला सबूद दिला व्हता."

तिनं सीटखालची स्प्रिंग धरून ठेवली होती. मी हात मागे घालून तिची बोटं सोडवली. एकेक करून. करंगळी शेवटी. पन्नास वर्षं झाली, पण ती पाच बोटं मला आजही वेगवेगळी आठवतात. मग तिला ढकललं. ती खडीवर बसकण मारून पडली आणि मी निघाले.

वडिलांनी जे फडक्यात बांधून नदीत सोडलं होतं, ते मी त्या दिवशी एका मिनिटात परत काढून आणलं. मानायचं नव्हतं तोवर मानलं नाही, कामाला आलं तेव्हा मानलं.

आता यापुढचं जे आहे ते मी घडलं तसं सांगते.

सायकल हलकी व्हायला हवी होती. झाली नाही. पेडल तितकंच जड. कॅरिअर तसंच कुरकुरत होतं, दर फेरीला, माणूस बसल्यावर कुरकुरतं तसं. मागचं टायर खडीत रुतत होतं. मला वाटलं, मेली पळत येऊन परत बसली! मागे वळून बघितलं. कॅरिअर रिकामं. आणि खूप मागे, चारशे पावलं तरी असतील, रानात एक ठिपका — कमल सरीत उकिडवी बसलेली, दोन्ही हात कानांवर.

पुढे बघितलं. शेड वीस-पंचवीस हातांवर. कुरकुर चालूच. मी रडत होते, शिव्याही देत होते, आणि पेडल मारत होते.

आणि पाठीत लाथ बसली.

धक्का नाही, वारा नाही. लाथ. उजव्या खांद्याच्या खाली, जिथं फेब्रुवारीत उसण भरली होती तिथंच. टाच आधी लागली, मग अख्खा तळवा. मी हँडलवरून उडून रस्त्याकडेच्या चरात तोंडावर पडले. चष्मा फुटला. सायकल तशीच पुढे गेली, कुणी नसताना, आणि शेडाच्या पत्र्यावर खण्णकन आदळली. तो आवाज मी ऐकला. हा क्रम मी शपथेवर सांगते — लाथ, मग मी चरात, मग पत्र्याचा आवाज, आणि मगच उजेड. सगळं रान पांढरं झालं. आवाज ऐकू आलाच नाही, कान बंद झाले होते.

डोकं वर काढलं तेव्हा शेडातून धूर येत होता. आत कुणाच्या तरी सात शेळ्या आडोशाला शिरल्या होत्या. सातही उभ्याच होत्या, एकमेकींना टेकून, डोळे उघडे. पाऊस पत्र्यावरून त्यांच्या अंगावर गळत होता आणि एकही कान हलवत नव्हती.

पाऊस ओसरल्यावर कमल आली. उजवा पाय ओढत.

"उठा बाई."

"तू कधी आलीस माझ्या मागं?" मी ओरडलेच, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

"मी कुठं आले? मी तितंच व्हते."

"पायाला काय झालं?"

"कळंना. लाकूड झालाय." तिनं पाय दाखवला. जखम नाही, भाजलं नाही. तळवा नुसता पांढराफेक पडलेला, आणि ती त्याला चिमटे काढून बघत होती.

गावात शिरताना लोक धावत आले. आणि त्या बाईनं — म्हणजे मी, दुसरं कोण — कुणी विचारायच्या आत तोंड उघडलं. "मी कमलला सखल जागी बसवलं. सायकल लांब ढकलून दिली. लोखंड असतं ना." सायकल शेडापाशी टायर वितळून पडलेली, तेव्हा पुरावाही तयार! सरूबाईनं माझे पाय धरले. "तुमी सबूद पाळला वो बाई." मी कमलकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. मी सांगितलं ना, तोंडाची पक्की. शिवाय बालवाडीचं मत माझ्याच हातात होतं.

चार दिवसांनी मी रजा घेऊन परभणीला गेले. आई पाठीला तेल लावायला बसली आणि तिचा हात थांबला.

"तुला लाथ कुणी घातली गं?"

मी म्हटलं, सायकलवरून पडले.

"पडलीस ती पुढं. हे मागं आहे. बोटं मोजू का? पाचही उमटलीत."

आईला मी कमलचं अवाक्षर सांगितलं नव्हतं. वडील दारातून म्हणाले, "दगडावर पडली असेल." मी म्हटलं, हो, दगडावर. तो निळा डाग महिनाभर होता.

कमलचा पाय सुधारला नाही. काठी लागली. उसण भरलेली माणसं चार-दोनदा येऊन गेली, गुण येईना, मग येईनाशी झाली. आणि मे महिन्यात साहेबांचं पत्र आलं — उमेदवाराबद्दल आपलं मत कळवावं.

आता काय लिहिलं असेल मी? सांगते. तिला रोज शाळेच्या आवारात, काठी टेकत, माझ्यासमोर बघणं मला होणार नव्हतं. मी एकच ओळ लिहिली. "उमेदवार पायाने अधू आहे." त्यात खोटं काही नाही, बघा. शास्त्रीय दृष्ट्या अगदी अचूक. जूनमध्ये मी बदली मागून घेतली.

नव्या शाळेत फळ्यावरचं चित्र मात्र बदललं. विजा चमकायला लागल्या की सायकल आडवी टाका आणि तिच्यापासून लांब व्हा. टायर वाचवत नाही. एकट्या झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या आडोशाला जाऊ नका. सखल जागा बघून पाय जुळवून उकिडवे बसा, लोळू नका. दोघं असाल तर अंतर ठेवा. बत्तीस वर्षं हेच शिकवलं, आणि पोरांना सांगितलं की हे मी पुस्तकात वाचलं.

नातू इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "आज्जी, शॉक जमिनीतून गेला, तिचा पाय त्यानं बधिर झाला. तुला हवेच्या झोतानं फेकलं. आणि तुम्ही लांब झालात हे बरोबरच होतं." मी म्हटलं, बाळा, मी अंतर ठेवायला नव्हतं सोडलं तिला. आणि झोत विजेच्या नंतर येतो ना? लाथ आधी बसली. तो म्हणतो, घाबरलेल्या माणसाला क्रम आठवत नाही. असेल. मग कॅरिअर का कुरकुरत होतं? आईनं बोटं कशी मोजली? तिथं तो मोबाइल बघायला लागतो.

बारा वर्षांपूर्वी सेलूला एका लग्नात कमल भेटली. मांडवाच्या कडेला खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी. शिवणकाम करून जगली होती, डाव्या पायानं मशीन चालवून. लग्न झालं नव्हतं. मला लगेच ओळखलं.

"या बाई. सायकल कुठं ठिवली?"

मी तिच्या शेजारी बसले. चाळीस वर्षं तयार केलेलं वाक्य होतं, ते म्हटलं. "कमल, मी तुला सोडलं, आणि तू मला वाचवलंस."

तिनं पान चघळायचं थांबवलं. "कोन म्हनलं?"

"ती लाथ—"

"बसली का व्हती खरंच?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच तिला काहीतरी नवं कळल्यासारखं. मग सावकाश म्हणाली, "बाई, मी तितं सरीत बसले व्हते, कान झाकून. लय राग आला व्हता मला. मनात म्हनलं, हिच्या पाठीत आशी लाथ घालावी, कणाच मोडला पाह्यजे. सगळा जीव पायात आनला अन् घातली. मनातल्या मनात. तुमाला वाचवायला न्हाई वो घातली."

मांडवात बँड वाजत होता.

बँड थांबल्यावर तिनंच विचारलं, "पाठ कशी हाय?"

खोटं बोलता आलं असतं. सवय होती. पण खरंच सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या पाठीत एकदाही उसण भरली नाही. घागरी उचलल्या, दोन बाळंतपणं झाली, पाठ एकदा म्हणून दुखली नाही.

"ठणठणीत आहे," मी म्हणाले.

कमलनं खाली आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. काठीच्या टोकानं त्याला जरा टोचून पाहिलं, दुसऱ्याच्या पायाला टोचावं तसं.

"मंग तितंबी नेम चुकलाच म्हना की मेल्याचा," ती म्हणाली, आणि जेवायच्या पंगतीकडे निघून गेली.

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा. मी वाचीन — वयाच्या बहात्तराव्या वर्षीही ताठ बसून, पाठीला काही टेकू न लावता.